दिवाणखान्यातला पेंग्विन

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज टेनने राम म्हटला आणि बुलढाण्याच्या आमच्या घरातला आठ वर्षांचा पीसी एका रात्रीत ‘म्हातारा’ ठरला. दिवाळीच्या सुट्टीत तोच पीसी बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली जाऊन बसला आणि चक्क गेमिंग कन्सोल झाला. खर्च? एक एसएसडी, एक ब्लूटूथ डोंगल, एक गेमपॅड आणि दोन रात्रींची झोप!

महाराष्ट्र एक्स्प्रेसने मलकापूरला उतरायचं, एसटी पकडायची, मोताळा मागे पडलं की राजूर घाट सुरू होतो. खिडकीतून गार वारा कानाला लागला की समजायचं, आलं आपलं बुलढाणं. आमच्या जिल्ह्यात माणसांच्या दोनच जाती, घाटावरचे आणि घाटाखालचे. आम्ही घाटावरचे. त्यामुळे थंडी आमची, रेल्वे त्यांची!

दिवाळीला घरी पोचले. बॅग अजून हातातच होती, तर मोठेबाबांनी फर्मान सोडलं, ‘‘तू पुण्याची कॉम्प्युटरवाली ना? मंग पाय बरं त्याच्याकडं. बंद पडून राह्यलं म्हणते पोरगं.’’

मी कॉम्प्युटरवाली नाही. मी मास कॉम केलंय आणि लॅपटॉपवर लेख बडवते. पण घरच्यांच्या लेखी लॅपटॉपला हात लावणारा प्रत्येक माणूस इंजिनीअरच असतो. तुमच्याकडेही हेच असणार, माहितेय मला.

पीसी बंद पडला नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा सपोर्ट थांबवला होता, आणि स्क्रीनवर तशी पाटी येत होती. माझ्या पुतण्याने ती वाचली आणि घरभर बोंब ठोकली की कॉम्प्युटर गेला. नववीतला मुलगा. नवीन गेमिंग पीसी मागायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

हा पीसी साधा नाही, त्याला इतिहास आहे. दादाने (चुलतभाऊ, पण आमच्या एकत्र घरात सख्खं-चुलत कुणी मोजत नाही) जून २०१७ मध्ये तो घेतला. लग्नाच्या व्हिडीओंचं एडिटिंग करायचं, घरचाच धंदा काढायचा, असा बेत होता. १ जुलैपासून जीएसटी लागणार होता, म्हणून घाईघाईत खरेदी झाली. मोठेबाबांनी त्यासाठी पतसंस्थेतली एफडी मोडली. सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क आणि एएमडीचं आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड. ते कार्ड एप्रिलमध्येच बाजारात आलेलं. पण नेमकं त्याच उन्हाळ्यात जगभरातल्या क्रिप्टोवाल्यांनी ती कार्डं मायनिंगसाठी उचलली आणि भाव चढले. दादाने जादा पैसे मोजून घेतलं.

पुढे धंदा काही चालला नाही. दादा नोकरीला लागला, पीसी आतल्या खोलीत गेला. पण ‘‘एफडी मोडून घेतलंय’’ हे वाक्य घरात अजून महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं.

आता गंमत बघा. विंडोज इलेव्हनच्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. डेस्कटॉपसाठी आठवी पिढी आली ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे जीएसटी वाचवायच्या नादात दादा चार महिन्यांनी हुकला! जुगाड करून जुन्या मशीनवर इलेव्हन टाकता येतं, पण मग अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कॅनालिस या संशोधन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज मांडला होता की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. त्यातला एक बुलढाण्यात. मोठेबाबांचा प्रश्न सरळ होता, ‘‘चांगलं चालू तं आहे. कामून फेकाचं?’’

गेबभाऊंचा राग

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका माणसाच्या रागात आहे. गेब न्यूवेल. स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षं काढलेली, मग बाहेर पडून व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. हाफ-लाइफ, काउंटर-स्ट्राइक यांची. (सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आपण ज्यात ‘मिड’ला मरायचो, तेच ते काउंटर-स्ट्राइक.) पीसीवरचे गेम विकणारं स्टीम हे सगळ्यात मोठं दुकान याच व्हॉल्व्हचं. २०१२ मध्ये विंडोज एट येऊ घातलं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं आणि गेबभाऊंच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजली. आपलं दुकान दुसऱ्याच्या जागेत, आणि जागामालकच शेजारी गाळा टाकतोय म्हटल्यावर कुणाला झोप लागेल?

म्हणून लिनक्स. फुकट, कुणा एकाच्या मालकीचं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. त्याच डिसेंबरात व्हॉल्व्हने डेबियनवर आधारलेल्या स्टीमओएसची पहिली चाचणी आवृत्ती सोडली. टीव्हीसमोर ठेवायचा पीसी, कीबोर्ड नाही, माउस नाही, हातात गेमपॅड. नोव्हेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची ‘स्टीम मशीन्स’ बाजारात आली आणि आपटली. कारण अगदी बाळबोध होतं. गेम बनायचे विंडोजसाठी. लिनक्सवर चालणारे मोजकेच. म्हणजे टीव्ही घेतलाय पण चॅनेलच दोन लागतात, असा प्रकार.

मग सूत्रं फिरली ती २०१७-१८ च्या सुमारास. फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रामरला ‘निअर: ऑटोमॅटा’ हा गेम आपल्या लिनक्सवर खेळायचा होता. चालत नव्हता. म्हणून त्याने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. बस्स, इतकंच कारण! विंडोजचे गेम चित्रं काढण्यासाठी डायरेक्टएक्स नावाच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतात. डीएक्सव्हीके ते बोलणं व्हल्कन या भाषेत फिरवतं, जी लिनक्सलाही कळते. व्हॉल्व्हने त्याला पगारावर घेतलं, १९९३ पासून चालू असलेल्या ‘वाइन’ या प्रकल्पाशी याची सोयरीक जुळवली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणलं.

प्रोटॉन म्हणजे लग्नाच्या बैठकीतला मध्यस्थ. मुलीकडचे एका भाषेत बोलतात, मुलाकडचे दुसऱ्या, आणि हा मधला गृहस्थ दोघांनाही वाटू देतो की समोरचा आपल्याच गावचा आहे. गेमला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. अख्खं विंडोज आतमध्ये बसवलेलं नसतं, फक्त त्याच्यासारखी उत्तरं दिली जातात. त्यामुळे वेग फारसा कमी होत नाही. कधीकधी तर वाढतोही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम डेक हा हातात मावणारा पीसी आला, त्यात नवं स्टीमओएस होतं (या वेळी आर्च लिनक्सवर), आणि या सगळ्या खटाटोपाचं सोनं झालं. भारतात मात्र व्हॉल्व्हने तो अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. आपल्याकडे जो दिसतो तो बाहेरून मागवलेला.

दगडाच्या नावाची सिस्टीम

स्टीमओएस थेट आमच्या पीसीवर का नाही टाकलं? टाकता आलं असतं कदाचित, पण ते व्हॉल्व्हने मुख्यतः स्वतःच्या आणि ठरावीक हॅण्डहेल्ड यंत्रांसाठी घडवलंय. वाट्टेल त्या डेस्कटॉपला ते जुळेलच असं नाही. अशा अनाथ पीसींना पदरात घेणारे दुसरे आहेत. चिमेराओएस आहे, नोबारा आहे. जुने मारिओ-कॉन्ट्राच खेळायचे असतील तर बॅटोसेरा आहे. मी निवडलं बॅझाइट.

बॅझाइट हे एका दुर्मिळ खनिजाचं नाव. लोणारचं सरोवर असलेल्या जिल्ह्यात दगडाच्या नावाची सिस्टीम बसवायची, म्हणजे योगायोगच म्हणायचा! फेडोरा लिनक्सवर बेतलेलं, फुकट. डाउनलोड करायला गेलात की ते वधूपरीक्षेसारखे प्रश्न विचारतं. यंत्र कसलं? ग्राफिक्स कार्ड कुणाचं? सुरू होताच थेट गेमिंग मोड हवा का? हो म्हटलं की पीसी चालू केल्याबरोबर डेस्कटॉप नाहीच, थेट टीव्हीभर गेमचे पोस्टर. अगदी कन्सोलसारखं.

एएमडीचं कार्ड असल्याचा फायदा इथे झाला. एएमडीचे लिनक्स ड्रायव्हर ओपन सोर्स आहेत, सिस्टीमबरोबरच येतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडिया असेल तर थोडी जास्त डोकेदुखी. बॅझाइटमध्ये त्याची वेगळी आवृत्ती निवडायची आणि धीर धरायचा.

दादा शेजारी बसून बघत होता. तो शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात होता तेव्हा, २००५ च्या आसपास, उबंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट यायच्या. त्यानेही मागवलेली. ‘‘अख्खी रात्र बसून टाकलं होतं,’’ तो म्हणाला, ‘‘अन् सकाळी आवाजच येईना. स्पीकर लागलेच नाहीत कधी.’’ त्या काळात पुण्यात पीएलयूजीचे लोक, सिम्बायोसिसमधलं ‘जीएनयूनिफाय’ वगैरे जोरात होतं. पण शेगावच्या हॉस्टेलवर आवाज न आलेल्या माणसाला त्याचं काय?

रात्री एक वाजता

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट.

जुन्या २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज होतं. ते तसंच ठेवायचं ठरलं, कारण पुढे सांगते. बॅझाइटसाठी नवी ५०० जीबीची एसएसडी आणली. आणि तिसरी ती जुनी एक टीबीची हार्ड डिस्क, दादाच्या एडिटिंगच्या दिवसांतली. मी विचारलं, यात काय आहे? दादा म्हणाला, ‘‘काही नाही, जुनं फुटेज.’’

रात्री एक वाजता, डोळे चोळत, इन्स्टॉलरमध्ये डिस्क निवडायच्या पानावर पोचले. तिथे ‘सी ड्राइव्ह’, ‘डी ड्राइव्ह’ असं काही नसतं. कंपनीचं नाव, आकडे आणि एसडीए-एसडीबी अशी अगम्य अक्षरं. त्यात हिशेबही वेगळा. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, एक टीबीची ९३१. मी एका डिस्कवर टिक केली, ‘जागा मोकळी करा’ म्हटलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात दादाने हात धरला. ‘‘थांब. नऊशे एकतीस आहे ते.’’

ते ‘जुनं फुटेज’ होतं. त्यात २०१८ च्या आमच्या घरच्या लग्नाचे सलग चार तास होते. त्यात आमची आजी होती, मांडवात खुर्ची टाकून बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवून जा बाप्पा’ म्हणणारी. आजी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेली. तिचा चालता-बोलता आवाज त्या एका डिस्कवर होता आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी मशीन बंद केलं. दादाने न बोलता कॅबिनेट उघडलं आणि त्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली. विंडोजच्या एसएसडीचीही. मग पुन्हा सुरू केलं तेव्हा यादीत एकच डिस्क होती. बॅकअपवरचं शंभर ओळींचं लेक्चर मी ऑफिसमध्ये कितीदा ऐकलंय. पण केबल उपटून ठेवणं हा उपाय कुणी सांगितला नव्हता. तुम्ही हे करणार असाल तर बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी ते चार तास पेन ड्राइव्हवर आणि क्लाउडवर चढवले. गेम दुपारनंतर.

एक छोटी फट अजून. सिक्युअर बूट चालू असेल तर बॅझाइट पहिल्यांदा उठताना एक निळा पडदा येतो आणि की नोंदवायला पासवर्ड मागतो. तिथे स्वतःचा पासवर्ड टाकून टाकून मी अर्धा तास घालवला. तो ठरलेला आहे, ‘युनिव्हर्सलब्लू’, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही.

पुतण्याचा सत्याग्रह

पाडव्याच्या दिवशी पीसी टीव्हीखाली गेला. एचडीएमआय केबल, ब्लूटूथ डोंगल, वायरलेस गेमपॅड. आणि दादाला कोपरखळी मारावीशी वाटली, कारण आवाज पहिल्या झटक्यात आला!

पुतण्याचा पहिला प्रश्न, ‘‘आत्या, व्हॅलोरंट चालंल का?’’

नाही चालत. आणि हे आधी सांगितलेलं बरं. व्हॅलोरंटचा चीटिंग पकडणारा पहारेकरी थेट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, लिनक्सला तो दारातच उभा करत नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये ईएने लिनक्ससाठी दार लावून घेतलं. ईएचा फुटबॉल नाही. जीटीए फाइव्हची गोष्ट खेळता येते, ऑनलाइन नाही. तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही अशातला भाग नाही. यातल्या बऱ्याच ठिकाणी कंपन्यांना ते करायचं नाहीये. स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेले. तीन टक्क्यांसाठी कोण पहारा बदलणार?

पुतण्याने तोंड फुगवलं, फराळाला हात लावला नाही. त्याचे सगळे मित्र व्हॅलोरंटवर. त्याच्यासाठी तो गेम कमी आणि कट्टा जास्त. म्हणून तर विंडोजची जुनी एसएसडी ठेवली होती. तिची केबल परत लावली. आता चालू करताना बूट मेन्यूतून निवडायचं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज टेनचे सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत, त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती केली. कट्टा तूर्त वाचला.

बाकी गेम? काउंटर-स्ट्राइक २ तर लिनक्सवरच चालायला बनलाय. इतर कुठलाही घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर त्याचं नाव टाकून बघायचं, तिथे खेळणारेच गेमला सोनं-प्लॅटिनम अशा पायऱ्या देतात. मी मुद्दाम विकत घेतला तो ‘राजी’. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, ऑक्टोबर २०२० मध्ये पीसीवर आलेला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली बहीण, आणि तिची गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. तो लावला आणि गंमत झाली. जिने आयुष्यात गेमपॅड हातात धरला नव्हता ती वहिनी भाऊबीजेच्या दुपारी दोन तास उठली नाही. मारामारी पुतण्या करायचा, भिंतीवरची चित्रं बघत चालायचं काम वहिनीचं.

सगळं गुळगुळीत आहे असं नाही. नवा गेम पहिल्यांदा लावताना शेडर तयार करत बसतो, तेव्हा पोरं ‘‘हँग झालं, हँग झालं’’ ओरडतात. कन्सोलसारखा गेमपॅडचं बटण दाबून टीव्ही चालू होत नाही, कारण पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ती सोयच नसते. रिमोट शोधावा लागतो. फोर-के, १२० हर्ट्झचा महागडा टीव्ही असेल तर आणखी एक मेख आहे. एएमडीने ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ द्यायची तयारी केली होती, पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नकार दिला. आमचा टीव्ही साधा फुल एचडी, त्यामुळे आम्ही या दुःखापासून दूर. रॅम सोळा करायची इच्छा होती, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की दादा म्हणाला, राहू दे, आठातच भागवू. डेस्कटॉप मोडमध्ये मराठी भाषाही लावून बघितली. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. म्हणजे आपल्या ऑफिससारखंच!

मी पुण्याला परतले. १२ नोव्हेंबरला व्हॉल्व्हने नव्या स्टीम मशीनची घोषणा केली. टीव्हीखाली ठेवायचा जेमतेम सहा इंची काळा ठोकळा, आत एएमडी, वर स्टीमओएस. पुतण्याचा व्हॉट्सअॅप आला, ‘‘आत्या, हे तं आपलंच यंत्र आहे!!!’’ खाली आमच्या खरवडलेल्या कॅबिनेटचा फोटो.

आणि मग एका रात्री फोन. आवाज घाबरलेला. ‘‘आत्या, अपडेट चालू होतं आन् लाइट गेली.’’ आमचं इन्व्हर्टर पंखे आणि ट्यूबलाइटपुरतंच आहे. विंडोजच्या काळात अशा वेळी देवच पाण्यात ठेवायचे. पण बॅझाइटची रचना वेगळी आहे. अपडेट चालू सिस्टीमवर लिहिलंच जात नाही, शेजारी अख्खी नवी प्रत तयार होते, आणि ती पूर्ण झाली तरच पुढच्या वेळी ती उघडते. अर्धवट राहिली तर जुनीच. हे त्याला समजावून सांगेपर्यंत तिकडे ट्यूबलाइटचा ‘टक्’ आवाज आला.

‘‘आली लाइट. थांब, लावतो... उघडलं! जुनंच उघडलं. परत अपडेट लावू का?’’

‘‘लाव.’’

‘‘बरं आत्या, आबा विचारून राह्यले, यावर भजनं लागतात का मोठ्या टीव्हीवर?’’

मी सांगायला लागले, पॉवरच्या मेन्यूतून डेस्कटॉप मोडमध्ये जा, मग ब्राउझर उघड...

‘‘थांब थांब,’’ तो म्हणाला, ‘‘आबांच्या वहीत लिहून देतो. ते स्वतः लावणार म्हणतात.’’